लाइटचं सुतक

लाइटचं सुतक पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहायचं तर त्यांना विचारावं लागेल, आणि त्यांना काही विचारायला माझ्याकडे आता तोंड नाही.

युनिटमध्ये सगळे त्यांना मामा म्हणायचे. मेहकरजवळच्या खेड्यातले. तरुणपणी मुंबईला गेले, वीस-बावीस वर्षं स्टुडिओत लाइटमन म्हणून राबले आणि एक दिवस ट्रकभर जुने लाइट घेऊन गावी परत आले. मुंबईनं भंगारात काढलेले. त्यावर त्यांनी आपलं युनिट उभं केलं. इकडे कोणी वऱ्हाडी सिनेमा काढो, गाण्यांचा अल्बम काढो, की पुण्या-मुंबईची मंडळी गावरान लोकेशन शोधत येवोत, उजेड मामांचाच. मी त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काढली. आज ते युनिट माझं आहे. ते माझं कसं झालं हेच सांगायला बसलो आहे, पण आधी मामा कसे होते ते सांगितल्याशिवाय माझ्या करणीचं वजन कळायचं नाही.

मामांकडे लाइटना नंबर नव्हते, नाती होती. सगळ्यात मोठा पाच किलोवॅटचा, तो सासूबाई. त्याच्या खालचे दोन, एकाच कंपनीचे, जुळ्यासारखे, ते थोरली नणंद आणि धाकटी नणंद. कोपऱ्यात मावणारा छोटा, ती भाची. उजेड परतवायला पांढरा थर्माकोल लावतात, ती मावशी. "सोताचं काही नसते बिचारीजवळ, पन दुसऱ्याचा ताप घेते अन् मऊ करून देते." आणि उजेड अडवायचा काळा पडदा म्हणजे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. "ते आले का उजेड पदर घेते." लाइट लावण्याआधी मामा सेटवर खणखणीत ओरडायचे, "सासूबाई येऊन राह्यल्या, माना खाली!" एकदम झोत डोळ्यांत जाऊ नये म्हणून तसं सांगावंच लागतं. पण हिरोपासून चहावाल्यापर्यंत सगळे माना खाली घालून हसायचे. मुंबईची एक नटी तर डोक्यावरून पदरच घ्यायची. मामा मात्र कधी हसले नाहीत. विनोद ते हातोडीसारखा वापरायचे. खिळा बसला की ठेवून द्यायचे.

मी युनिटला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, आयटीआयचा वायरमनचा कागद खिशात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मेहकरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात धाडलं. "पाव किलो फेज घेऊन ये." माझं शिक्षण ते, तरी मी गेलो. हुकूम इतका गंभीर होता की वाटलं, मुंबईकडे असेल या नावाची एखादी वस्तू. दुकानदारानं तराजूत काहीतरी तोलून पुडी बांधली आणि म्हणाला, "भाऊ, अंगापासून लांब धरा. सांडली तर एसटी पेटल." तासभर एसटीत मी हात लांब करून ती पुडी धरली. शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. मामांनी सगळ्यांदेखत पुडी सोडली. आत पेपरमिंटच्या गोळ्या. युनिट हसून हसून लोळलं.

मामांनी विचारलं, "वाटंत भेला का बे?"

"हाव मामा."

"खरं सांग."

"लय भेलो."

"मंग राह्य. जो भेत नाही त्याले मी घरी पाठोतो."

नव्या माणसाची हीच परीक्षा होती. एकजण पुडी खिशात घालून शिट्टी वाजवत आला, त्याला खरंच दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

त्यांचा आणखी एक नाद. डोळे मिटून गाल पुढे करायचा आणि गालावरच्या उष्णतेवरून लाइट ओळखायचा. "ही धाकटी. हिचा ताप तिरपा येते." मी कितीदा तरी लपवाछपवी करून पाहिली, कधी चुकले नाहीत. हा माणूस चुकत नाही, अशी आमची सगळ्यांची श्रद्धा होती. त्यांची स्वतःचीही होती. ती किती मोठी होती हे मला ती मोडल्यावर कळलं.

आता सुतक. शॉक बसला की आमच्यात 'लाइट चावला' म्हणतात. जो लाइट माणसाला चावला त्याला मामा सुतकात बसवायचे. लाकडी फळीवर ठेवायचा, वर काळं फडकं, मुठीला काळा दोरा. तीन दिवस त्याचं नाव घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी मामा आंघोळ करून बसायचे, लाइट उघडायचे, स्क्रू न् स्क्रू, वायर न् वायर बघायचे, अर्थिंग तपासायचं, मग उलट्या हातानं, बोटांच्या पाठीनं, त्याला शिवायचे. सुलटा हात लावला तर करंट मूठ आवळून धरतो. सगळं ठीक असलं तर कापूर लावायचा, दोरा सोडायचा, तो शर्टाच्या खिशात टाकायचा आणि गूळ-शेंगदाणे वाटायचे. दोरा त्यांनीच सोडायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. वायर कुजलेली सापडली, तर सुतक वाढायचं.

बाहेरची मंडळी हसायची. आम्हीही मनातून हसायचो. एकदा मी म्हटलं होतं, "मामा, नीट तपासलं म्हंजे झालं ना? हे सुतक कायले?"

"तपास म्हटलं तर तू पाच मिनटात तपासून मोकळा होशीन. सुतक म्हटलं का तीन दिवस थांबते मानूस. घाईले कायदा समजत नाही, सोवळं समजते."

त्या दिवसाकडे येतो.

वैशाख होता. धामणगाव बढ्याजवळ कापसाच्या एका बंद जिनिंगमध्ये मुंबईच्या एका युनिटचं शूटिंग. भर दुपारी रात्र करायची होती. जिनिंगच्या सगळ्या खिडक्या काळ्या कापडानं झाकल्या होत्या, आत भट्टी. वरच्या झरोक्यांतून चांदणं पाडायचं, म्हणून लाकडी मचाण बांधलेलं, त्यावर मी. आधीच्या आठवड्यात अवकाळीचं पाणी ताडपत्रीतून ट्रकमध्ये शिरलं होतं आणि दोन्ही नणंदा एकाच दिवशी चावल्या होत्या. दोन्ही सुतकात. त्या सकाळी मामांनी थोरली उघडली, दुरुस्त केली, दोरा सोडला. धाकटीही उघडून पाहिली आणि पुन्हा झाकली. मला एकट्यालाच म्हणाले, "धाकटी नाही. आतली वायर कुजली तिची. मलकापूरहून नवी येईन, मंग पाहू." आणि जनरेटरची कुरकुर बघायला मागच्या आवारात गेले.

कॅमेरामनला थोरलीचं चांदणं पुरेना. दुसरा लाइट हवा. प्रॉडक्शन मॅनेजर खालून ओरडायला लागला, "अरे, दुसरा कुठाय? तिथे झाकून ठेवलाय तो काय आहे?"

कोणीतरी म्हणालं, "तो सुतकात आहे, साहेब."

सगळे हसले. कॅमेरामनचा असिस्टंट म्हणाला, "मग तेराव्याला जेवायला बोलवा. तोपर्यंत बसतो आम्ही."

मला लाज वाटली. याच्याहून मोठं कारण असावं म्हणून मी नऊ वर्षं शोधलं, सापडलं नाही. शिकलेला माणूस मी, आणि या मुंबईच्या लोकांसमोर काळ्या दोऱ्याचा राखणदार होऊन उभा. वाटलं, एक शॉट. मी स्वतः धरीन, लाकडी मुठीनं धरीन. खाली उतरलो, पाठ फिरवून दोरा सोडला, पँटच्या खिशात कोंबला आणि धाकटीला मचाणावर चढवली. त्या गोंधळात कोणाचं लक्ष नव्हतं. मी ओरडलो, "नणंदा येऊन राह्यल्या, माना खाली!" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मी झोत फिरवायला डावा हात धाकटीच्या पत्र्याला लावला. सुलटा.

मूठ आवळली. ओरडायचं होतं, जबडा उघडेना. मागच्या आवारात मामांना जनरेटरचा बदललेला आवाज ऐकू आला म्हणतात, त्यांनी काही न विचारता मेन पाडला. मी मचाणावरून खाली पडलो, जुन्या सरकीच्या पोत्यांवर. म्हणून वाचलो. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली, ती अजून तशीच आहेत.

बुलडाण्याच्या दवाखान्यात माझे कपडे पिशवीत भरून बायकोला दिले. तिला पँटच्या खिशात काळा दोरा सापडला. तिला वाटलं, मी कुठल्या तरी देवाचा आणला असणार. तिनं तो माझ्या उजव्या मनगटाला बांधला. मी शुद्धीवर आलो तर दोरा हातावर, आणि पलंगाच्या पायथ्याशी मामा.

ते पुढे आले. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं. बोटं दोऱ्यावरून फिरली, थांबली. आता बोलतील, आता बोलतील. मामा बायकोला म्हणाले, "बरं केलं सूनबाई, दोरा बांधला. नजर लय वाईट."

मग ते पायथ्याशी गेले आणि त्यांनी माझे पाय धरले. साठी उलटलेल्या माणसानं.

"माफ कर बाप्पा. एकच सोडली असं मले वाटते, पन दोन सुटल्या. खिशात दोरा एकच हाय. दुसरा कुठी टाकला ते आठवत नाही."

बायको रडायला लागली, "मामा, असं नका करू."

मामा वर बघून मला म्हणाले, "मी तुले म्हटलं होतं ना, धाकटीची वायर कुजली? का म्हटलंच नाही?"

इथे मला 'हो' म्हणायचं होतं. नुसतं 'हो'. बाकी सगळं लपवलं असतं तरी या एका 'हो'नं त्यांचं डोकं शाबूत राहिलं असतं. पण 'हो' म्हटलं तर पुढचा प्रश्न यायचा, मग तुझ्या हातात ती आली कशी? दाराशी मॅनेजर उभा होता. माझी चूक निघाली तर मला कोण पुन्हा मचाणावर चढवणार?

मी म्हणालो, "आठवत नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. सावकाश, दोनदा. त्या हलण्यात काहीतरी सुटत गेलं, ते मी पाहिलं.

महिन्याभरात त्यांनी युनिट माझ्या हवाली केलं. "माहा मलेच भरोसा नाही आता. तू सांभाळ. तुले तर चटका बसला, तू इसरनार नाही." पहिल्याच दिवशी मी सुतक बंद केलं. पोरांना सांगितलं, जमाना बदलला, आता नवे लाइट येतात, ते चावत नाहीत. खरं म्हणजे काळा दोरा मला बघवत नव्हता. बायकोनं बांधलेला मी आंघोळीच्या वेळी कापून टाकला होता.

दर दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळ घेऊन जायचो. दर वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी त्यांनी शेतातल्या मोटरच्या स्टार्टरला हात लावणं सोडलं, शेजाऱ्याला हाक मारायचे. मग घरातली बटणं. संध्याकाळी एकटे असले तर सून शेतातून येईपर्यंत अंधारात बसून राहायचे. मग कुलूप लावलं की नाही हे तीन-तीनदा परत जाऊन बघायचे. तळहातावर पेनानं लिहून ठेवायचे, 'गॅस पाहिला', 'दार लावलं'. घरातले लोक आधी हसले, मग सांभाळायला लागले, मग घाबरले. गावात सांगायचे, "शॉक बसला दुसऱ्याले, अन् डोकं गेलं याचं." मी फराळाचा डबा ठेवायचो, चहा घ्यायचो, उठायचो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबाले अकोल्याले डोक्याच्या डॉक्टरकडं दाखोतो. सोमवारचा नंबर हाय. तुमी चला संगं. कवापासून सुरू झालं ते डॉक्टर इचारतीन. पह्यल्या दिवशी तुमीच होते तिथी."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

गाडीत मामा माझ्या शेजारी. पांढरा सदरा, दाढी केलेली. पातूरला चहा घेताना बशी खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टरले काय सांगशीन?"

"जे झालं ते."

"दोन सोडल्या ते सांग. माही लाज राखाले लपवू नको. डॉक्टरपुढं लपवलं का औषध चुकते."

मी कप तसाच ठेवून पैसे द्यायला उठलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. टेबलापलीकडे त्या, अलीकडे मामा आणि मी, मागे भिंतीशी मुलगा. त्यांनी कागद ओढला. "आजोबांचं विसरणं पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?"

मुलगा म्हणाला, "काका सांगतीन."

पंखा फिरत होता. मामा माझ्याकडे वळून, धीर द्यावा तसे, मान हलवत होते. सांग, सांग.

मी म्हणालो, "त्या दिवशी ते काही विसरले नव्हते."

"म्हणजे?"

"धाकटी मी सोडली. दोरा माझ्या खिशात होता. वायर कुजली हे त्यांनी मला त्या सकाळीच सांगितलं होतं. दवाखान्यात त्यांनी विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हटलं. मला आठवत होतं."

डॉक्टरीणबाईंना धाकटी कोण, दोरा कसला, काही कळेना. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. लाइट, सुतक, जिनिंग, मचाण. सांगताना मी टेबलावरच्या कागदाकडे बघत होतो. मधेच मुलगा पुढे आला, माझ्या खुर्चीची पाठ त्यानं धरलेली मला कळली.

"नऊ वर्सं, काका? आमी त्याहिले पोरासारखं कोंडून ठेवलं घरात. अन् तुमी दिवाईले येऊन चिवडा खाऊन जात होते?"

"थांब तू," मामा म्हणाले. आवाज सेटवरचा होता, कितीतरी वर्षांनी ऐकला. मग मला, "एकच सोडली होती मी?"

"एकच."

"थोरली."

"हाव मामा. थोरली."

"अन् तुह्या हाताले दोरा होता तो..."

"तोच."

मामा तळहात उघडून बघत राहिले. त्यावर सकाळचं निळ्या पेनाचं अक्षर होतं, 'दार लावलं'. अंगठ्यानं त्यांनी ते पुसायचा प्रयत्न केला. मला वाटलं, रडतील, मारतील. मी दोन्हींसाठी तयार होतो, खरं तर दोन्हींची वाट बघत होतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे सगळं महत्त्वाचं आहे, पण तरीही काही प्रश्न विचारावेच लागतील. "चालेल ना, आजोबा?"

"इचारा."

वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या गावात आहोत. मामांनी पटापट सांगितलं. बाईंनी पेन दाखवला, घड्याळ दाखवलं. मग माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "आणि हे कोण?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत, एखादा लाइट उघडून आतल्या वायरी बघाव्यात तसं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "आजपावतर वाटत होतं, माहीत हाय."

पेन कागदावर थांबला.

"पुढचं इचारा, बाई."

"बरं. शंभरातून सात वजा करत जायचं. सावकाश."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. दोन्ही हात टेबलावर ठेवले. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट."

"छान. बस, आजोबा, पुरे."

ते थांबले नाहीत. "अठ्ठावन्न. एकावन्न. चव्वेचाळीस. सदतीस." माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. "तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन."

मग डॉक्टरीणबाईंच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "आता याच्यातून सात जात नाहीत. घ्या लिहून."